मिस वर्नाच्या सत्तेचाळीस शेळ्या

आमच्या कौंटीत मिस वर्ना ग्रोटेंना ओळखणारी माणसं दोन प्रकारची. एक, जी त्या चालवतात त्या शाळेच्या बसमधून शिकायला गेली. आणि दुसरी, ज्यांच्या अंगोरा शेळ्या मिस वर्नांच्या शेळ्यांपेक्षा कमी लोकर देतात. मी पहिल्या प्रकारातली. माझे वडील कुठल्याच प्रकारात बसत नाहीत, कारण ते त्यांच्या शेळ्या कातरतात. सेफेरिनो सालाझार म्हणजे कातरणाऱ्यांच्या टोळीचे कप्तान. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, आमची टोळी ग्रोट्यांच्या गोठ्यात यंत्रं लावते. तिथली लोकर हातात घेतली की पापा काही बोलत नाहीत, नुसती शेजारच्याकडे सरकवतात. एवढं कौतुक ते आमच्या शाळेच्या निकालांचंही करत नसत.

मिस वर्ना एकोणसाठ वर्षांच्या आहेत. उंच, उन्हाने भाजलेल्या, बोलायला कमी. पहाटे साडेपाचला बस काढायची, साडेआठला परत, मग दिवसभर शेळ्या आणि कुंपण, तीनला पुन्हा बस. ग्रोट्यांची ही पाचवी पिढी. पणजोबांचा बाप जर्मनीतून येऊन टेक्सासच्या या खडकाळ टेकड्यांत कसा काय टिकला, हे गवताकडे बघून अजून कळत नाही. घरात आता सगळे इंग्रजीच बोलतात. शेळ्या मात्र जर्मनमध्ये मोजतात. दुसऱ्या भाषेत मोजल्या तर आकडा चुकतो, असं मिस वर्ना म्हणतात, आणि हे त्या अगदी गंभीरपणे म्हणतात.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही त्यांचा कळप कातरून गेलो आणि चौथ्या दिवशी थंड पाऊस सुरू झाला. नुकती कातरलेली अंगोरा शेळी म्हणजे सदरा काढलेलं तान्हं मूल. भिजली की तासाभरात आडवी. गोठ्यात जेमतेम ऐंशी मावत होत्या. उरलेल्या साठ मिस वर्नांनी ट्रेलरच्या तीन खेपा करून लुथरन चर्चच्या सभागृहात नेल्या, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि हीटर चालू केला. पास्टरांना फोन केला तो सगळ्या आत घेतल्यावर. पास्टर विचारायला लागले की रविवारी प्रार्थनेनंतर लोकांनी कॉफी कुठे प्यायची. त्या म्हणाल्या, शेळ्यांना कॉफी चालत नाही, तुमच्या वाट्याला सगळी उरेल. त्या पावसात शेजारच्यांच्या दोनशेच्या वर शेळ्या गेल्या. मिस वर्नांची एकही नाही. सभागृहाची फरशी त्यांनी स्वतः तीनदा धुतली.

रँच होती त्यांच्या वडिलांच्या, हिल्मर ग्रोटेंच्या नावावर. गुडघे गेल्यापासून म्हातारबाबा व्हरांड्यात बसून असायचे. जनावरांच्या डॉक्टराचं बिल, लोकरीच्या व्यापाऱ्याची पावती, चाऱ्याच्या दुकानातलं खातं, सगळं हिल्मर ग्रोटे या नावानेच चालायचं. लोक फोन करून विचारायचे, हिल्मर यंदा बोकड कधी विकतोय? मिस वर्ना सांगायच्या, विचारून सांगते. मग फोन खाली ठेवून स्वतःच ठरवायच्या आणि तासाभराने उलटा फोन करायच्या.

गेल्या ऑक्टोबरात हिल्मर वारले. दफनानंतर त्याच सभागृहात जेवण झालं, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड. तिथेच भावंडांचं ठरलं की वाटणी पुढच्या शनिवारी.

ग्रोट्यांच्या वाटणीची रीत अशी, की जो रँचवर राहिला त्याला जमीन, आणि जनावरं मात्र सगळ्यांना सारखी. जमिनीचं मृत्युपत्र वकिलाकडे असतं, पण शेळ्यांसाठी कागद करायचा नाही. कळप अरुंद वाटेतून पळवायचा आणि वाटेच्या टोकाला झुलतं फाटक. एक शेळी डावीकडे, एक उजवीकडे, एक सरळ. फाटक धरायला घरचं माणूस चालत नाही, बाहेरचं लागतं. आणि त्याने शेळ्यांकडे बघायचं नाही, आपल्या बुटांकडे बघायचं. चार पिढ्यांत अशी चार वेळा वाटणी झाली आणि एकदाही भांडण झालं नाही, याचा ग्रोट्यांना फार अभिमान. कोर्टात गेलेल्या शेजाऱ्यांची नावं ते बोटांवर मोजून दाखवतात.

या वेळी फाटक पापांनी धरलं. एकशे एक्केचाळीस माद्या, तिघांना सत्तेचाळीस-सत्तेचाळीस. पापा संध्याकाळी घरी आले ते मान अवघडून. म्हणाले, ज्या शेळ्या मी तीस वर्षं बघून कातरल्या त्यांच्याकडे आज बघायचं नाही, हे फार कठीण काम होतं.

बहीण जोनेल ह्यूस्टनला राहते. तिने आपल्या शेळ्या सोमवारच्या लिलावात विकल्या. भाऊ डेरेलने आपल्या पलीकडच्या कौंटीत सासऱ्याच्या रँचवर नेल्या. नोव्हेंबरात जमीन मिस वर्नांच्या नावावर चढली. दोनशे बारा एकर. सगळं रीतसर, सगळे खूश. इथेच चूक झाली, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

ग्रोट्यांकडे सांत्वनाचं पत्र आलं की प्रत्येकाला हाताने उत्तर लिहितात. मिस वर्नांनी टेबलावर एक टोपली ठेवली होती, त्यात पत्रं साठत होती. फेब्रुवारीत ‘हिल्मर ग्रोटे यांचे वारस’ असा पत्ता असलेला एक लिफाफा आला, तोही त्यांनी टोपलीत टाकला. त्यांना वाटलं, बँकेने दुःख कळवलं असेल. मार्चच्या अखेरीला उत्तरं लिहायला बसल्या तेव्हा तो फोडला. पत्र जमिनीचा कर ठरवणाऱ्या मूल्यांकन कार्यालयाचं होतं. मालक बदलल्यामुळे जमिनीचा शेतीचा दर्जा संपला आहे, तो हवा असल्यास नव्या मालकाने एप्रिल संपण्याआधी अर्ज करावा.

मी सर्व्हेअरच्या कार्यालयात नकाशे काढते, म्हणून त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, “पोरी, हे चुकून आलंय का बघ. इथे अठराशे छप्पनपासून शेळ्या आहेत.”

चुकून आलं नव्हतं. आमच्याकडे त्या दर्जाला, ॲग्रिकल्चर तोडून, नुसतं ‘ॲग’ म्हणतात. तो असला की जमिनीवरचा कर त्या जमिनीत उगवणाऱ्या गवताच्या हिशेबाने लागतो. नसला की ऑस्टिनहून येणारे लोक शनिवार-रविवारच्या घरासाठी जो भाव देतील त्या हिशेबाने. सगळ्यांना वाटतं ॲग जमिनीला चिकटलेलं असतं, दगडांसारखं. ते मालकाला चिकटलेलं असतं. मालक गेला की तेही जातं आणि नव्याने मागावं लागतं. ते गेलं असतं तर मिस वर्नांना ओढ्याकाठचं कुरण विकावं लागलं असतं. दुष्काळात पाणी असतं ते तेवढंच. ओढा गेला की उरलेल्या एकशे साठ एकरांवर शेळ्या ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणजे रँचच संपली.

अर्ज सोपा होता. त्यातला एक रकाना सोडून.

मी कार्यालयाची नियमपुस्तिका आणली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. आमच्या कौंटीत वीस एकरांमागे एक गाय किंवा सहा शेळ्या, एवढी जनावरं वर्षभर चरत असली तरच ती चराऊ रँच. पिल्लं दूध तुटेपर्यंत मोजत नाहीत. मी दोनशे बाराला वीसने भागलं, सहाने गुणलं. चौसष्ट. मिस वर्नांनी आकड्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. बाहेर सत्तेचाळीस होत्या.

हिल्मर असताना एकशे एक्केचाळीस होत्या, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. ज्या रीतीचा एवढा अभिमान, तिनेच जमीन अशी रिकामी केली होती. सतरा शेळ्या कमी पडत होत्या.

मी म्हटलं, विकत घेऊ. त्या दोन लिलावांना जाऊन आल्या. अंगोरा माद्या फारशा नव्हत्याच, होत्या त्या खुरं सडलेल्या. तसलं जनावर एक जरी आत घेतलं तर सगळा कळप लंगडा होतो. रिकामा ट्रेलर घेऊन त्या परत आल्या आणि तीनची बस काढायला गेल्या.

मग त्यांनी डेरेलला फोन केला. डेरेल म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस, कोणालाही ट्रेलर देईल. तो त्याच संध्याकाळी आला. पापा आणि मी अर्जाला लागणारा कच्चा नकाशा द्यायला गेलो होतो, म्हणून हे मी स्वतः ऐकलं. तो म्हणाला यात काळजीचं काही नाही, तपासनीस कधी येणार ते कळलं की सकाळी वीस शेळ्या आणून सोडतो, त्याने मोजल्या की संध्याकाळी परत नेतो. अर्धी कौंटी हेच करते, असंही त्याने सांगितलं, आणि दोघांची नावंही घेतली.

मिस वर्ना म्हणाल्या, “नाही.”

“नाही म्हणजे?”

“अर्जावर खाली सही करायचीय. वरचं सगळं खरं आहे म्हणून. सही माझी असणार आहे.”

“बरं, मग सही मी करतो,” डेरेल म्हणाला आणि आमच्याकडे बघून हसला.

त्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. डेरेलच्या शेळ्या सासऱ्याच्या रानात दाटीवाटीने उभ्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातल्या वीस त्याने इथे कायमच्या चरायला सोडाव्यात. लोकर त्याची, पिल्लं त्याची, गवत मिस वर्नांचं. बारा महिन्यांचा करार, कागदावर, दोघांच्या सह्यांनी. कागद त्यांनी लिहूनही ठेवला होता, बसच्या वेळापत्रकामागच्या कोऱ्या पानावर. तो त्यांनी टेबलावर सरकवला.

डेरेलने कागदाला हात लावला नाही. तो बोलला तेव्हा आवाज मोठा नव्हता.

“आपल्यात कागद कधी झालाय, वर्ना? बाबा जाऊन सहा महिने नाही झाले. माझा शब्द पुरत नाही तुला?”

“मला पुरतो. पण त्या कार्यालयाला तू कोण हे माहीत नाही.”

“मग सांग त्यांना.”

“तेच लिहिलंय.”

त्याने टोपी घातली आणि निघाला. जाताना पापांना म्हणाला, “सेफेरिनो, ऐकलंस ना? पुढच्या वेळी फाटक धरायलाही हिला नोटरी लागेल.”

पुढचे दोन आठवडे त्याचा फोन आला नाही. चर्चमध्ये तो दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसला. ही बातमी आमच्याकडे कशी पसरते ते सांगायला नको. चाऱ्याच्या दुकानात लोक दोन बाजूंना झाले. एक बाजू म्हणाली, एवढ्या मोठ्या घराण्यात बहिणीने भावाकडून सही मागावी? दुसरी बाजू कमी बोलत होती, कारण त्यातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी अजून मेलेल्या बापाच्याच नावावर होत्या.

मिस वर्नांनी मात्र काम थांबवलं नाही. मी शनिवारी मोजणीचं यंत्र घेऊन गेले की त्या माझ्यापुढे चालायच्या. जुन्या खरेदीखतात हद्दीची खूण ‘खुणेचा ओक’ एवढीच होती. तो ओक त्यांनी मला थेट नेऊन दाखवला, वीज पडून अर्धा जळलेला. एका कुरणात त्या शेळ्या सोडत नव्हत्या, कारण तिथलं गवत मागच्या उन्हाळ्यात मुळापर्यंत खाल्लं गेलं होतं. ते आता घोट्याच्या वर आलं होतं. त्या वाकून ते हाताने चाचपायच्या, केस चाचपावेत तसं. मी विचारलं, डेरेल आला नाही तर? त्या म्हणाल्या, सत्तेचाळीस लिहीन. मी म्हटलं, मग मिळणार नाही. त्या म्हणाल्या, “मग मिळणार नाही.” आणि कुंपणाची तार ओढायला लागल्या.

पापांना हे मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या कौंटीत डेरेलच्या सासऱ्याकडे गेले. कातरणीच्या यंत्राचा एक भाग तिथे राहिलाय असं त्यांनी सांगितलं. भाग बिग काही राहिला नव्हता. तिथे त्यांनी डेरेलला आपल्या टोळीबद्दल सांगितलं, की माझा सख्खा भाऊ एकवीस वर्षं माझ्या हाताखाली कातरतो. दर मोसमाला मी त्याच्याशी कागद करतो, कारण कागद नसला तर कमी-जास्त झाल्यावर मला भावाशी भांडावं लागेल. कागद असला की मी कागदाशी भांडतो. भाऊ संध्याकाळी जेवायला घरीच असतो. डेरेलने विचारलं, वर्नाने पाठवलं का तुला? पापा म्हणाले, वर्नाला कळलं तर ती मला गोठ्यात पाय ठेवू देणार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चर्च सुटल्यावर डेरेलचा पिकअप मिस वर्नांच्या अंगणात आला. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये वीस शेळ्या. त्याने त्या उतरवल्या नाहीत. आधी आत गेला आणि कागद मागितला. उभ्याउभ्या ओठ हलवत पूर्ण वाचला. मग बोट ठेवून म्हणाला, “इथे ‘शेळ्यांचा मालक’ लिहिलंयस.”

“मग तू मालक नाहीस?”

“मालक आहे. पण पुढे ‘भाऊ’ लिही. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कोणी परका आहे.”

मिस वर्नांनी पेन घेतलं आणि त्या शब्दापुढे ‘भाऊ’ लिहिलं. लिहून झाल्यावरही त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. डेरेलने सही केली आणि बाहेर जाऊन ट्रेलरचं दार उघडलं. दोन दिवसांनी अर्ज कार्यालयात पोचला. रकान्यात सदुसष्ट.

तपासनीस मे महिन्याच्या मध्याला आला. डेन्मन नावाचा, माझ्याहून थोडा मोठा, बूट धुळीने भरलेले. नकाशा माझा होता म्हणून मीही होते. त्याने आधी शेळ्यांकडे बघितलंच नाही. अंगणातल्या ट्रेलरच्या चाकांच्या खुणा बघितल्या, मग कुरणात जाऊन लेंड्या बघितल्या, जुन्या किती, ताज्या किती. नंतर मला म्हणाला की नऊ वर्षांत तो एकाच शेळीला चार रँचांवर भेटला आहे, आता ती त्याला ओळखते.

मग मोजायला लागला. शेळ्या एका जागी उभ्या राहत नाहीत. पहिल्यांदा पासष्ट आल्या, दुसऱ्यांदा एकोणसत्तर. मिस वर्ना म्हणाल्या, थांबा, आणि कुंपणाच्या खांबाला हात लावून जर्मनमध्ये मोजायला लागल्या. सदुसष्ट. त्याने लिहून घेतलं. वही मिटणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “त्यातल्या कानात लाल बिल्ला असलेल्या वीस माझ्या भावाच्या आहेत.” त्याने विचारलंही नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढून दिला. त्याने तो पुढून वाचला, मागे उलटून बसचं वेळापत्रकही बघितलं.

त्याच्या फॉर्मवर शेवटचा एक प्रश्न होता. त्याने तो सवयीने विचारला, खाली बघत.

“ही रँच तुम्ही किती वर्षं चालवताय, मॅम? गेल्या नोव्हेंबरपासूनच ना?”

मला वाटलं, त्या नेहमीसारखं म्हणतील, विचारून सांगते. त्यांनी गोठ्याकडे बघितलं, ओढ्याकडे बघितलं, राखून ठेवलेल्या कुरणाकडे बघितलं. वडील जिवंत असताना हे त्यांनी कधी कोणापुढे म्हटलं नव्हतं. मला वाटतं, स्वतःपुढेही नसेल.

“चौतीस वर्षं,” त्या म्हणाल्या.

डेन्मनने ‘नोव्हेंबर’ लिहायला टेकवलेलं पेन उचललं. त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि चौतीस लिहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. शेतीचा दर्जा मंजूर, दोनशे बारा एकर, संपूर्ण. या वेळी ते सांत्वनाच्या टोपलीत गेलं नाही. मिस वर्ना सांगत नाहीत, पण चाऱ्याच्या दुकानाचा मालक सांगतो की त्या पत्र घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, खात्यावरचं नाव बदलायचंय. दुकानात पाच-सहा जण होते. एकाने टोपी काढली, ती घामासाठी की कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

डेरेल त्यानंतर बदलला, म्हणजे आणखी मोठ्याने बोलायला लागला. भेटेल त्याला विचारतो, तुझ्या बापाच्या नावावर आहे ना अजून? मग बस, तुला काही सांगायचंय. जणू कागदाची कल्पना त्याचीच होती. मिस वर्ना त्याला अडवत नाहीत. त्याचं ऐकून आमच्या रस्त्यावरच्या तीन घरांनी पुढच्या एप्रिलचे अर्ज आतापासूनच तयार ठेवलेत.

यंदा त्यांनी एकही मादी पिल्लू विकलं नाही. सगळी ठेवली, एकूण बावीस. व्यापारी दोनदा येऊन गेला, भाव वाढवून बघितला. ऑगस्टच्या कातरणीला त्यांचं दूध तुटलं होतं आणि ती पहिल्यांदाच मशीनखाली आली, थरथरत, ओरडत. पापांनी पहिली लोकर हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे काही न बोलता माझ्याकडे सरकवली. डेरेलही आला होता, आपल्या वीस शेळ्यांची लोकर न्यायला. कुंपणाला टेकून तो हिशेब करत होता. सत्तेचाळीस आणि बावीस. हिशेब झाल्यावर त्याचा चेहरा थोडा उतरला.

“म्हणजे आता तुला माझ्या शेळ्या लागत नाहीत,” तो म्हणाला. “एप्रिलला घेऊन जाऊ का?”

मिस वर्ना एका पिल्लाचं खूर तपासत होत्या. ते खाली ठेवलं, हात पँटला पुसले.

“राहू देत,” त्या म्हणाल्या. “गवत आहे माझ्याकडे.”